"हेच हवं, फक्त दीडपट मोठं": ऑर्डर घ्यावी का, आणि भाव काय सांगावा?

लोकरवेडी
नमस्कार मंडळी. मी मागावर लोकरीची भित्तिचित्रं विणते. लोकर स्वतःच रंगवते, तुरटी लावून, बहुतेक मंजिष्ठेत आणि निळीत. माझं एक विकलेलं काम पाहून दुसऱ्या एका बाईंनी विचारलंय, "अगदी हेच हवं, तोच लाल, फक्त दीडपट मोठं. डिझाइन तयारच आहे, म्हणजे भाव कमी लावाल ना?" इतकं गोड बोलतात की नाही म्हणवत नाही. आजवर लोकरीचा खर्च दुप्पट करून भाव सांगत आलेय. असंच चालू ठेवू का? आणि "तोच लाल" कबूल करावा का?

चौकोनी_गाठ
चौरस फुटाचा दर ठरवा आणि मोकळ्या व्हा. मी मॅक्रमेचं, म्हणजे दोरीच्या गाठींच्या कामाचं, तसंच करतो, गिऱ्हाइकाला पटकन समजतं. रंगाचं मला विचारू नका, मी पांढऱ्या दोरीवाला.

आडवा_बाणा
चौकोनीदादा, मॅक्रमेला चालत असेल, पण टॅपेस्ट्रीत, म्हणजे अशा विणलेल्या चित्रांत, एकच दर लावला की मार बसतो. सपाट निळं आभाळ असलं की बाणा, म्हणजे आडवा धागा, सरसर भरत जातो. तेवढ्याच जागेत डझनभर रंगांच्या कांड्या लोंबत असतील तर अख्खा दिवस गेला तरी काम बोटभर सरकत नाही.

लोकरवेडी, त्या बाईंना आधी "दीडपट" म्हणजे काय ते विचार. लांबी-रुंदी दोन्ही दीडपट केल्या तर क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं. 60 × 80 सेंटीमीटरचं काम 90 × 120 होणार. त्याच जाडीची लोकर धरली तर लोकरही सव्वादोन पट आणि विणायचा वेळही जवळपास तितकाच. डिझाइन तयार असल्याने वाचतो तो फक्त कागदावरचा वेळ. तोही सगळा नाही, कारण आकार वाढला की मागावर पायऱ्या-पायऱ्यांनी विणल्या जाणाऱ्या तिरक्या रेषा नव्याने बसवाव्या लागतात. तेव्हा "भाव कमी" हा विषयच नाही.

लोकरीच्या दुपटीचा हिशोब सोडून दे बाई. लोकर भारी घेतली की तुझी मजुरी वाढणार आणि स्वस्त घेतली की घटणार, हा कुठला न्याय? मागाशेजारी एक वही टांग. लड्या करणं, धुणं, तुरटी, रंग, ताणा (उभे धागे) चढवणं, विणणं, मागची टोकं खोचणं, वरची पट्टी शिवणं, फोटो, पॅकिंग, आणि हो, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणंसुद्धा, सगळ्याचे तास वेगवेगळे लिही. लोकर आधी तोल, उरलेली नंतर तोल, म्हणजे खरी किती लागली ते कळेल. ताण्याची जी टोकं मागाला बांधून शेवटी कापून टाकतो तीही खर्चात धर. मग तासांचे पैसे, सामान आणि जागेचा खर्च यांची बेरीज मांड. आकडा पाहून पोटात गोळा येईल, येऊ दे. गिऱ्हाइकाला झेपत नसेल तर काम लहान कर, तास कापू नकोस.

"तोच लाल" मात्र कबूल करायचा नाही. मंजिष्ठेचा रंग मुळांच्या खेपेवर, पाण्यावर आणि आचेवर फिरतो. पाण्यात चुना असला तर एक लाल, लोखंडाचा अंश असला तर मळकट. तुरटी लोकरीच्या वजनाच्या 10 टक्के घातली की 15, यानेही फरक पडतो. शिवाय त्यांनी पाहिलेला लाल फोनच्या पडद्यावरचा. तीन लालांच्या छोट्या लड्या रंगवून, वाळवून पाठव. त्यातली एक निवडू दे, लेखी होकार घे, अर्धा इसार घे, आणि मग लागणारी सगळी लोकर एकाच खेपेत रंगव, थोडी जास्तीचीच.

दोन तऱ्हेची कामं वेगळी ठेवायला मी अ‍ॅनी आल्बर्स या विणकर कलावतीकडून शिकले. कारखान्यांसाठी पुन्हा पुन्हा विणता येईल असं कापड ती आखायची आणि भिंतीवरची चित्रं एकेकच विणायची. 1949 मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिचं प्रदर्शन झालं, तेव्हा दोन्ही एकत्र मांडली होती. म्हणून मी गिऱ्हाइकाला सरळ सांगते, "त्याच घराण्यातलं विणून देईन, तेच नाही."

लोकरवेडी
बाणाताई, "त्याच घराण्यातलं" उचलतेय हं! अजून एक. मूळ कामाच्या काठाला हळदीचा पिवळा आहे. तो ठेवू ना?

आडवा_बाणा
मुळीच नको. हळद उजेडात टिकत नाही, भिंतीवर तर नाहीच. डाळिंबाची साल तुरटीवर घेऊन बघ, हळदीपेक्षा पुष्कळ बरी. आणि विकायच्या प्रत्येक रंगाची चाचणी कर. पुठ्ठ्याच्या पट्टीवर धागे गुंडाळायचे, अर्धा भाग जाड कागदाने घट्ट झाकायचा आणि पट्टी उन्हाच्या खिडकीत ठेवायची. काही आठवड्यांनी कागद काढला की झाकलेल्या-उघड्या भागांची सीमा दिसते का ते बघायचं. प्रयोगशाळेत यासाठी निळ्या लोकरीच्या 1 ते 8 क्रमांकांच्या पट्ट्या तुलनेला शेजारी ठेवतात, 1 सर्वांत आधी उडतो. आपल्याला खिडकी पुरते.

चौकोनी_गाठ
आणि लोकर आहे म्हणून कसरीचंही सांगून ठेवा. काम परत आलं किंवा प्रदर्शनातून आणलं तर बंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं, मगच बाकीच्या लोकरीजवळ न्यायचं.

लोकरवेडी
लड्या उद्याच तुरटीत टाकते. पण एवढा मोठा आकडा फोनवर तोंडातून निघेल असं वाटत नाही.

आडवा_बाणा
मग फोनवर सांगूच नकोस. माप, रंग, तारीख, इसार, सगळं एका कागदावर लिहून पाठव आणि आकडा तळाशी टाक.