१२ दिवसांत युरोप, सोबत सत्तरीचे आईबाबा आणि २ मुलं: प्लॅन जमेल का?

प्रवासवेडी:
नमस्कार मंडळी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघतोय, आम्ही दोघं, मुलं ५ आणि ११ वर्षांची, आणि माझे आईबाबा. सध्याचा प्लॅन असा आहे, पॅरिस ३ रात्री, अ‍ॅम्स्टरडॅम २, ल्यूसर्न २, इंटरलाकेन २, व्हेनिस १, रोम २. युंगफ्राउयोखला (स्वित्झर्लंडमधलं उंच डोंगरावरचं रेल्वे स्टेशन) जायचंच असं बाबांनी ठरवलंय, कित्येक वर्षांचं स्वप्न आहे त्यांचं. पण त्यांना बीपीची गोळी चालू आहे आणि आईचे गुडघे दुखतात. फार धावपळ होईल का? कोणी आईवडिलांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

डोंगरवाट:
ताई, स्पष्टच सांगते, ६ मुक्काम म्हणजे दर दुसऱ्या दिवशी बॅगा भरायच्या, चेकआउट करायचं, स्टेशन गाठायचं, आणि यात सगळ्यात जास्त दमतात ते आईबाबाच, फक्त ते बोलून दाखवत नाहीत. अ‍ॅम्स्टरडॅम आणि रोम काढा. पॅरिस ४, डोंगरात म्हणजे इंटरलाकेनला ५, व्हेनिस ३ असं करा. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनवरून स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला ट्रेनने ३ तासांत पोचता, तिथून इंटरलाकेन ओस्टची थेट गाडी मिळते, २ तास. ल्यूसर्नचा वेगळा मुक्काम नको, एका दिवसात जाऊन येता येतं.

आणि पॅरिसमध्ये मेट्रोपेक्षा बस घ्या. मेट्रोच्या जुन्या स्टेशनांत जिनेच जिने, लिफ्ट फार कमी ठिकाणी, आईंचे गुडघे पहिल्याच दिवशी संपतील. बसमधून शहरही दिसतं. लूव्र म्युझियम मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरवा.

बर्फाचा_थेंब:
वरच्या सगळ्याला +१. आता युंगफ्राउयोखबद्दल, कारण हे मी स्वतः अनुभवलंय. खालचं ग्रिंडेलवाल्ड टर्मिनल, जिथून केबल कार निघते, साधारण ९४० मीटरवर आणि वरचं स्टेशन ३४५४ मीटर, आणि नवी आयगर एक्सप्रेस केबल कार धरून तुम्ही पाऊण तासात वर पोचता. शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. माझी आई गाडीतून उतरून भराभर चालायला लागली आणि पाच मिनिटांत तिला गरगरायला लागलं, अर्धा तास बाकावर बसवून पाणी पाजलं तेव्हा बरं वाटलं, पण त्या अर्ध्या तासात माझा जीव थाऱ्यावर नव्हता. म्हणून बाबांच्या डॉक्टरांना आधी विचारा, नक्की विचारा. ते हो म्हणाले तर जाताना लाउटरब्रुनेन, वेंगेन, क्लाइने शाइडेग अशी जुनी गाडी घ्या, २०६१ मीटरवर उतरून तासभर थांबा, चहा प्या, मग पुढे. येताना केबल कारने या.

अजून एक, सकाळी उठून आधी वरचा लाइव्ह कॅमेरा बघा. ढग असतील तर इतके पैसे घालून पांढऱ्या भिंतीकडे बघत बसावं लागतं. म्हणूनच डोंगरात ५ रात्री हव्यात, एक तरी दिवस स्वच्छ मिळतो. दिवस पक्का झाला की लगेच सीट आरक्षित करा, उन्हाळ्यात ते लागतं.

डोंगरवाट:
डॉक्टर नाही म्हणाले तर ल्यूसर्नजवळचा रिगी डोंगर आहे ना! १८०० मीटरच्या आतच, पण समोर आल्प्सची रांग पसरलेली असते. फिट्सनाउहून वर जाणारी दातेरी रुळांची रेल्वे १८७१ची, युरोपातली अशी पहिलीच डोंगरी रेल्वे, आणि ल्यूसर्नहून तिथपर्यंत बोटीने जायचं. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये बोट आणि रेल्वे दोन्ही येतात. पास घेताना फॅमिली कार्ड मागा, ते फुकट मिळतं, ११ वर्षांच्या मुलाचं तिकीट वाचतं. धाकट्याला ६ पूर्ण नाहीत, त्याला तसंही लागत नाही.

प्रवासवेडी:
खूप खूप धन्यवाद दोघांना! आत्ताच बाबांना वाचून दाखवलं, गरगरल्याचं ऐकून आई लगेच म्हणाली मी रिगीच करणार. बाबा शनिवारी डॉक्टरांकडे जातायत. रोम काढलं, अ‍ॅम्स्टरडॅमवरून नवरा अजून अडून बसलाय. व्हेनिसला स्टेशनवरून बॅगा घेऊन पुलांच्या पायऱ्या चढाव्या लागतात का? मग वापोरेत्तोच्या (तिथली पाण्यातली बस) थांब्याजवळचंच हॉटेल बघते.