परदेशात शिकताना पाहिलेली पवित्र ठिकाणं: तिथे प्रार्थना झाली का?

शिकायला बाहेर गेलेल्या आपल्या ख्रिस्ती मुलामुलींनी इथे लिहावं म्हणून हा धागा काढतेय. ठिकाणांची माहिती कुठेही मिळते, मला विचारायचंय की तिथे उभं राहिल्यावर आत काय झालं.

माझ्यापासून सुरुवात. मास्टर्सला जर्मनीत होते. कोलोनचं कॅथेड्रल स्टेशनबाहेर पडलं की समोरच, १२४८ ला पाया घातला आणि १८८० ला काम पुरं झालं. मोबाइल हातात धरूनच आत निघाले तर लाल झग्यातल्या सेवकाने अडवलं, मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) चालू आहे म्हणे. मिस्सेलाच आलेय असं मी म्हटलं, जे खरं नव्हतं, मग बसले. जर्मन जेमतेम यायचं पण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे अंगालाच माहीत होतं, आणि 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सगळे जर्मनमध्ये म्हणत होते, मी हळू आवाजात मराठीत, आणि आमचं 'आमेन' एकदमच आलं. सहा महिन्यांत पहिल्यांदा परकं वाटलं नाही. खोटं बोलल्याचं नंतर कन्फेशनमध्ये सांगितलं.

*

माझं उलटं झालं. यरुशलेमला एक सेमिस्टर होतो. पवित्र कबरेच्या चर्चमध्ये, म्हणजे येशूची कबर जिथे आहे असं मानतात तिथे, पहिल्यांदा गेलो तेव्हा नुसती रांग आणि ढकलाढकली, कबरेच्या खोलीत वाकून आत शिरतो न शिरतो तोच बाहेर चला. त्यात ते चर्च सहा पंथांत वाटलेलं, ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक, आर्मेनियन, कॉप्टिक, सिरियन, इथिओपियन, आणि कुणाचा हक्क कुठवर यावरून मारामाऱ्याही झालेल्या. मला राग आला होता, खरंच. मग एकदा पहाटे गेलो. दाराची किल्ली शेकडो वर्षं एका मुस्लिम घराण्याकडे आहे आणि दार उघडायचं काम दुसऱ्या मुस्लिम घराण्याकडे. आतून दाराच्या झरोक्यातून शिडी बाहेर सरकवली, तिच्यावर चढून त्या गृहस्थांनी वरचं कुलूप काढलं. आमच्यासाठी. आत शिरल्या शिरल्या तो दगड आहे ना, प्रभूचं शरीर ज्यावर ठेवलं म्हणतात, तिथे एक म्हातारी रुमालाने दगडावरचं तेल टिपत होती, घरच्या कुणासाठी तरी नेत असणार. मी तिच्या शेजारी गुडघे टेकले. तेव्हा झाली प्रार्थना.

*

मी प्रोटेस्टंट घरातली, अमुक जागा जास्त पवित्र असं आमच्यात नाहीच. इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला शिकत होते. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री बॉम्बने जळालेलं कॅथेड्रल तिथे तसंच ठेवलंय, छप्पर नाही, वेदीवर पाऊस पडतो. मागच्या भिंतीत दोनच शब्द कोरलेत, 'बापा, क्षमा कर'. क्रुसावर येशू 'बापा, त्यांना क्षमा कर' म्हणाला होता, इथे 'त्यांना' हा शब्द नाही. मी बराच वेळ तिथे उभी होते. तेव्हा सख्ख्या भावाशी बोलणं बंद होतं माझं, चूक त्याची असंच धरून चालले होते. तिथून फोन लावला, त्याने उचलला नाही. शुक्रवारी दुपारी १२ ला तिथे समेटाची प्रार्थना होते, तिला जायला लागले.

*

नागासाकीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती तेव्हा लोकांनी जवळपास अडीचशे वर्षं लपून श्रद्धा जपली, फादर नाहीत, मिस्सा नाही, फक्त बाप्तिस्मा आणि आईबापांनी मुलांकडून पाठ करून घेतलेल्या प्रार्थना. १८६५ च्या मार्चमध्ये नागासाकीजवळच्या उराकामी गावची माणसं तिथल्या ओउरा चर्चमध्ये फ्रेंच फादरांकडे आली आणि हळूच म्हणाली की आमचं मन तुमच्यासारखंच आहे, सांता मारियाची (मरियामातेची) मूर्ती कुठे आहे? ती मूर्ती अजून तिथे आहे. तिच्यासमोर मला रडू आलं, कारण चर्चला जायला ट्रेनने तास लागतो म्हणून मी चार महिने रविवारची मिस्सा बुडवली होती. आता जातो, जवळजवळ दर रविवारी.

*

कॉव्हेंट्रीवाल्या ताई, भावाशी बोलणं झालं का मग?

*

दोन महिन्यांनी. त्यानेच फोन केला.