आई-अप्पा मे महिन्यात येतायत, इन्शुरन्स घ्यावा का?

नमस्कार मंडळी,

आमचे आई-अप्पा मे मध्ये येतायत, बेळगावातलं शहापूरचं घर बंद करून चार महिने इथं न्यू जर्सीत राहणार. अप्पा ७१, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू, मागं एकदा स्टेंट पण बसवलाय. आईचे गुडघे सोडले तर बाकी ठणठणीत. आमचे हे म्हणतात दोघांचा मेडिकल इन्शुरन्स घेऊन टाकू, अप्पा फोनवर म्हणतात मला काय धाड भरलीय, तेवढ्या पैशात कुंद्याची मिठाई आणतो सगळ्यांना. त्यात बेळगावचा एजंट म्हणाला की स्टेंटचं फॉर्मवर लिहूच नका, प्रीमियम उगीच वाढतो. मला सांगा, कुणाला खरंच क्लेम मिळालाय का, की नुसतेच पैसे भरायचे? आणि इथनं घ्यायचा की तिथनं?

शहापूरची, न्यू जर्सी

---

घे अक्का. आम्ही दरवेळी घेतो, दरवेळी पैसे वाया जातात, आणि वाया गेले म्हणून मी देवापुढं नारळ फोडतो. बाकीचं खानापूरवाले दादा सांगतील, ते हॉस्पिटलच्या बिलिंगमध्येच आहेत.

निपाणीचा, शिकागो

---

सांगतो की.

अक्का, तुझ्या अप्पांच्या बाबतीत घ्यायचा की नाही हा प्रश्नच नाही, कुठला घ्यायचा यात खरी मेख आहे. इथं दोन जातीचे प्लॅन मिळतात. एक फिक्स्ड बेनिफिट, स्वस्त असतो, वर मोठ्या अक्षरात पन्नास हजार डॉलर नाहीतर एक लाख डॉलर लिहिलेलं असतं, पण आत एक तक्ता असतो, आयसीयूचे दिवसाला इतके, सर्जनचे इतके, अँब्युलन्सचे इतके, आणि हॉस्पिटलवाले काय तो तक्ता बघून बिल लावत नाहीत, वरचा सगळा फरक आपल्या खिशातनं. दुसरा कॉम्प्रिहेन्सिव्ह, त्यात आधी डिडक्टिबल, म्हणजे ठरलेली सुरुवातीची रक्कम, आपण भरायचं, मग बऱ्याच प्लॅनमध्ये पुढच्या पाच हजार डॉलरपर्यंत कंपनी ८० टक्के आणि आपण २०, त्याच्यावर लिमिट संपेपर्यंत कंपनी. नेटवर्कमधल्या, म्हणजे कंपनीशी करार असलेल्या, हॉस्पिटलात गेलं तर ते थेट कंपनीला बिल पाठवतात, हे म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत फार महत्त्वाचं. डिडक्टिबल जरा जास्त घेतलं की प्रीमियम उतरतो. सर्दी-खोकल्याचे पैसे आपण भरू शकतो गं, रात्रभर ॲडमिट ठेवलं तरी हजारो डॉलरचं बिल येतं ते भरता येत नाही.

आता मुद्द्याचं. अप्पांचं हार्ट म्हणजे प्री-एक्झिस्टिंग, पॉलिसीच्या आधीपासूनचं दुखणं. ते बहुतेक व्हिजिटर प्लॅन सरसकट कव्हर करत नाहीत. पॉलिसीच्या पीडीएफमध्ये ‘अक्यूट ऑनसेट’ असं शोध. म्हणजे जुनाच आजार, पण काही लक्षण नसताना अचानक उसळला आणि २४ तासांच्या आत ट्रीटमेंट घेतली, तर तेवढ्यापुरतं कव्हर. हळूहळू वाढत गेलेलं दुखणं, ठरवून केलेली तपासणी, संपलेल्या गोळ्या, आईचे गुडघे, यातलं काही नाही. आणि तिथंच शेजारी वयाची अट असते, बऱ्याच प्लॅनमध्ये ७० च्या पुढं हा बेनिफिट एकदम कमी होतो नाहीतर बंदच. तुझे अप्पा ७१, म्हणजे बरोबर त्या उंबरठ्याच्या पलीकडं. त्यामुळं दोघांना एकच प्लॅन घेऊन मोकळी होऊ नको, ७१ ला किती देतात ते लेखी बघून मगच पैसे भर.

इथल्या प्लॅनमध्ये सहसा तब्येतीचे प्रश्न विचारतच नाहीत, तिकडच्या पॉलिसीत विचारतात. तिकडची घ्यायची तर विमानात बसायच्या आधी, आणि वय झालेल्यांना सब-लिमिट असतात, रूमचे इतके, ऑपरेशनचे इतके, ते पान वाचल्याशिवाय सही नको.

खानापूरचा, ओहायो

---

मी उलटं बोलतो, रागावू नका. आम्ही घेत नाही. इथं इमर्जन्सीत कुणालाही परत पाठवता येत नाही, १९८६ पासून कायदाच आहे. बिल आलं की घासाघीस करायची, कॅश देतो म्हटलं की कमी करतात. शिवाय क्रेडिट कार्डावर ट्रॅव्हल इन्शुरन्स असतोच की फुकट.

कॅम्पातला, ह्यूस्टन

---

कायदा खरा आहे बा, पण तो म्हणतो पेशंटला तपासा आणि स्टेबल करा. फुकट करा असं कुठं म्हणतो? बिल येतंच. घासाघीस होते, मी रोज बघतो, पण अँजिओप्लास्टीच्या बिलात निम्मे कमी केले तरी उरलेले निम्मे कुणाच्या बापाचे? चॅरिटी केअर, म्हणजे गरिबांना हॉस्पिटल देतं ती बिलातली सूट, टुरिस्टला मिळेलच असं नाही. आणि तुझ्या कार्डाचं बुकलेट उघडून बघ, बहुतेक ठिकाणी ट्रिप रद्द झाली, बॅग हरवली असलंच असतं, हॉस्पिटलचं असलंच तर थोडकं. आई-वडील स्वतंत्र तिकिटावर येतात, ते त्यात बसतात का तेही बघ.

बॅगेचं निघालंच म्हणून सांगतो, बॅगेसाठी वेगळे पैसे घालू नका कुणी. माँट्रियल करारानं एअरलाइनवरच जबाबदारी आहे, डिसेंबर २०२४ च्या शेवटापासून माणशी १,५१९ एसडीआरपर्यंत (आयएमएफचं हिशोबाचं चलन), म्हणजे साधारण दोन हजार डॉलर. फक्त एअरपोर्ट सोडायच्या आधी तक्रार लिहून घ्या.

खानापूरचा

---

इंग्लंडचं थोडक्यात, कारण सगळ्यांना वाटतं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, म्हणजे फुकट. ए अँड ई मध्ये (इमर्जन्सी विभागात) बघतात फुकट, पण वॉर्डात ॲडमिट केलं की व्हिजिटरला ठरलेल्या दराच्या १५० टक्के लावतात. ५०० पौंडांच्या वर थकवलं तर पुढच्या व्हिसाला आडवं येऊ शकतं. इथनं पुढं युरोप फिरवणार असाल तर शेंगेन व्हिसाला ३०,००० युरोचं कव्हर लागतंच, तिथं चर्चाच नाही. कॅनडावाल्या आमच्या वहिनी सांगत होत्या, आई-वडिलांच्या सुपर व्हिसाला इन्शुरन्स निदान वर्षभराचा आणि एक लाख डॉलरचा पाहिजे.

वडगावची, लेस्टर

---

मुलांनो, मी टिळकवाडीतनं लिहितोय. मुलाकडं होतो तेव्हापासून या लिस्टवर आहे, कुणी काढलं नाही म्हणून अजून वाचतो.

एजंटचं ते स्टेंट लपवायचं अजिबात ऐकू नका. बँकेत होतो तेव्हा काउंटरवर हेच बघितलंय, फॉर्म भरताना एजंट गोड बोलतो आणि क्लेमच्या वेळी फोन उचलत नाही. अरे, इमर्जन्सीत डॉक्टर पहिलंच विचारणार, हार्टचं काही झालंय का, गोळ्या कुठल्या. अप्पा खरंच सांगणार, ते केसपेपरवर चढणार, आणि कंपनी क्लेमला पहिल्यांदा तोच केसपेपर मागवणार. मग फॉर्मवर ‘नाही’ लिहिलेलं निघालं की स्टेंट तर राहू दे, पाय घसरून पडले तरी वाद घालतील.

दुसरं, पॉलिसीवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवा. आपल्या भागात रेशनकार्डावर कन्नडमधनं इंग्रजीत गेलेलं एक स्पेलिंग, शाळेच्या दाखल्यावर दुसरं, आणि एजंट व्हॉट्सॲपवर आलेल्या आधारवरनं टाइप करतो. डॉक्टरांकडनं टाइप केलेलं पत्र घ्या, औषधांची जनेरिक नावं, डोस, स्टेंट कधी बसवला ते. गोळ्या चार महिन्यांच्या आणि वर पंधरा दिवसांच्या, हँडबॅगेतच.

घरचा मेडिक्लेम आहे की, असं आमच्या कट्ट्यावर बरेच जण म्हणतात. तो सहसा देशाबाहेर चालत नाही. २०२३ ला महाराष्ट्र सरकारनं सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना द्यायचं ठरवलं तर त्यावरनं पण दोन्हीकडं तापलं होतं, म्हणजे आपला विमा सीमेवरच्या शिनोळीपलीकडं जाताना पण भांडण, तुम्ही अमेरिकेचं काय घेऊन बसलात! रेल्वेचं तिकीट काढताना मात्र ते ४५ पैशांच्या विम्याचं टिक करत जा, तिथं विचार करण्यात वेळ घालवू नये.

एक काका

---

सगळ्यांना थँक्यू, काकांना नमस्कार.

रात्री बसून पीडीएफ वाचल्या. जो प्लॅन घेणार होतो त्यात अक्यूट ऑनसेट ६९ पर्यंतच निघालं, तळाला बारीक अक्षरात. आता अप्पांना वेगळा कॉम्प्रिहेन्सिव्ह घेतोय, ७१ ला पण थोडं तरी देणारा, महाग आहे, डिडक्टिबल हजाराचं ठेवलं तेव्हा कुठं परवडला. आईला दुसरा, साधा. एजंटला नाही म्हणून सांगितलं. अप्पांना प्रीमियमचा आकडा रुपयात सांगितलेला नाही आणि लिस्टवरच्या कुणी सांगू पण नका, त्यांचे मित्र इथं आहेत मला माहीत आहे.

डॉक्टरांचं पत्र शुक्रवारी मिळेल. मे च्या दुसऱ्या आठवड्यात मुंबईहून न्यूअर्कला कुणाचं येणारं असेल तर कळवा, दोघांना व्हीलचेअर सांगितलीय पण सोबत असली तर बरं.

शहापूरची