अनुभव धागा: तुमचा खालच्या लीगमधला संघ आणि नवा मोसम

मिरकरवाडा, रत्नागिरी. ४ ऑगस्ट २०२५

१ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस मासेमारी बंद. शुक्रवारी बंदी उठली आणि शनिवारी इंग्लंडातल्या फुटबॉलची चौथी पायरी, लीग टू, सुरू झाली. माझे दोन्ही मोसम दरवर्षी असे आगेमागेच उघडतात, म्हणून म्हटलं धागा काढू या.

अट एकच. बार्सिलोना, रेआल, लिव्हरपूल इथे नको, त्यांचं कौतुक करायला जग पडलंय. ज्या संघाचं नाव सांगितल्यावर समोरचा "हा कुठला?" म्हणतो, त्याचं लिहा. तो तुम्हाला कसा चिकटला आणि यंदा काय वाटतंय?

सुरुवात माझ्यापासून. मी बंदरावरच्या बर्फ फॅक्टरीत आहे. मिठाच्या पाण्याच्या टाकीत पत्र्याचे डबे सोडायचे, लादी धरली की वर काढायची, क्रशरला लावायची, बोटीत भरून द्यायची. तीन-चार वर्षांपूर्वी जुन्या अमोनिया कंप्रेसरचे फोटो शोधत होतो, तर एका पडक्या इमारतीचा फोटो समोर आला. आत आमच्याच कंप्रेसरचा पणजोबा गंजत उभा. गाव ग्रिम्सबी. १९०० च्या सुमाराला खास मासेमारीच्या बोटींसाठी बांधलेली बर्फ फॅक्टरी, १९९० ला बंद पडली. एकेकाळी हे जगातल्या मोठ्यात मोठ्या मच्छी बंदरांपैकी एक होतं. मग आइसलँडने आपला दर्या २०० मैलांपर्यंत वाढवला, १९७६ मध्ये इंग्लंडला ते मान्य करावं लागलं, आणि लांबच्या पाण्यात जाणाऱ्या ट्रॉलर धक्क्याला लागून राहिल्या. रात्री दोन वाजता कंप्रेसरच्या आवाजात मी हे सगळं वाचत बसलो होतो. कुठे तरी पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू.

वाचता वाचता क्लब सापडला. ग्रिम्सबी टाउन, टोपणनाव मरिनर्स, म्हणजे आपले खलाशी. प्रेक्षक स्टँडमध्ये हवा भरलेला हॅडॉक मासा नाचवतात आणि "आम्ही फक्त मासे मारताना गातो" असं गातात. आपल्याकडे कुणी फुगवलेला बांगडा घेऊन क्रिकेटला गेला तर वेड्यात काढतील. झालं, चिकटलो.

हा संघ २०१० ला आणि परत २०२१ ला लीगमधूनच बाहेर, पाचव्या पायरीवर गेला होता. दोन्ही वेळा वर आला. २०२३ ला चौथ्या पायरीवर असताना एफए कपमध्ये (सगळ्या पायऱ्यांच्या संघांची बाद स्पर्धा) वरच्या पायऱ्यांवरचे पाच संघ हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोचला. तिथे ब्रायटनने पाच गोल घातले, ते जाऊ दे.

नव्यांसाठी: लीग टूमध्ये २४ संघ, ४६ सामने. पहिले तीन थेट वर, चौथा ते सातवा आपसात खेळून एक वर, तळाचे दोन खाली. मला यंदा सातवा नंबर चालेल. लिहा.

सावंतवाडी. ५ ऑगस्ट

माका इंग्लंडातला काय कळणा नाय, ता बर्फवाल्याक विचारा. आता सगळ्यांका समजात असा लिवतंय.

आमचा संघ गोव्याचा धेंपो. "हा कुठला?" असं आमच्या पिढीत कोणी विचारलं असतं तर चहा पाजला नसता. पाच वेळा राष्ट्रीय विजेते: २००४-०५, ०६-०७, ०७-०८, ०९-१०, ११-१२. शेवटच्या वेळी रँटी मार्टिन्सने एका मोसमात ३२ गोल केले. आम्ही चौघं सावंतवाडी रोडवरून गाडी पकडून मडगावला, तिथून फातोर्ड्याला. (सावंतवाडीचं स्टेशन मळगावात, हे बाहेरच्यांना माहीत नसतं. चुकलेली पहिली गाडी सगळ्यांच्या नशिबात असते.) आमचे प्रशिक्षक आरमांदो कुलासो बाकावरून उठून रेषेपर्यंत आले की आमच्या स्टँडात कुजबुज सुरू व्हायची, आता कोणाला तरी काढणार. येताना ट्रॅकच्या कडेला बसून थंड झालेला रस-ऑम्लेट.

मग २०१५ ला खाली गेले, पुढच्या वर्षी दुसरा दर्जा जिंकून वर यायचा हक्क मिळवला, आणि २०१६ मध्येच धेंपो, साळगावकर, स्पोर्टिंग तिघांनी राष्ट्रीय लीग सोडली. नवी आयएसएल वरची आणि आय-लीग, म्हणजे हीच जुनी राष्ट्रीय लीग, खालची, हे त्यांना पटलं नाही. बरोबरच होतं. पण आठ वर्षं आमचा शनिवार रिकामा गेला त्याचं काय? २०२४ ला परत आय-लीगमध्ये आले तेव्हा चौघांपैकी मी एकटाच गेलो. एक मस्कतात, एकाचे गुडघे गेले, एकाशी जमिनीवरून बोलणं नाही.

यंदाचं विचाराल तर वरच्यांचे करार अडकलेत, कुठली लीग कधी सुरू होणार ते कोणालाच सांगता येत नाही. मोसम सुरू होऊ दे, मग काय वाटतंय ते सांगतो.

वेंगुर्ला. ५ ऑगस्ट

धेंपोवाल्यांनो, रडू नका. मी चर्चिल ब्रदर्सचा. एप्रिलात आम्हाला आय-लीगचे विजेते म्हणून जाहीर केलं, मी पेढे वाटले. १८ जुलैला स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादाने किताब इंटर काशीला दिला. पेढे काय परत मागू?

गुहागर. ९ ऑगस्ट

मी जहाजावर फिटर. मागे आमचं जहाज दुरुस्तीला बर्कनहेडच्या सुक्या गोदीत लागलं होतं. समोर नदी, नदीपलीकडे लिव्हरपूल. सगळे पलीकडे फिरायला जायचे. मला एका म्हाताऱ्या वेल्डरने विचारलं, शुक्रवारी संध्याकाळी काय करतोस? त्याने नेलं प्रेंटन पार्कला, ट्रॅनमिअर रोव्हर्स बघायला. शुक्रवार का, तर शनिवारी लिव्हरपूल नाही तर एव्हर्टन घरी खेळणार आणि गिऱ्हाईक तिकडे जाणार, म्हणून हे पूर्वीपासून बरेच घरचे सामने शुक्रवारी रात्री घ्यायचे. मोठ्या मंदिराची जत्रा टाळून आपल्या वाडीची जत्रा आदल्या दिवशी ठेवतात, तसा हिशोब.

थंडीने बोटं वाकत नव्हती. वेल्डरने हातात एक गरम 'पाय' दिला, म्हणजे सारण भरून भाजलेली त्यांची करंजी. मी विचारलं कशाचा, तो म्हणाला खाताना विचारायचं नसतं. सामना अगदी रद्दड. तरी तेव्हापासून कुठल्याही समुद्रात असलो तरी नेट मिळालं की आधी घरचा मेसेज, मग ट्रॅनमिअर.

२०१५ ला लीगबाहेर, २०१८ ला परत, २०१९ ला आणखी एक पायरी वर. २०२० ला करोनात मोसम अर्ध्यावर थांबवला आणि सरासरी गुण काढून आम्हाला खाली ढकललं. खेळून खाली गेलो असतो तर एक शब्द बोललो नसतो. गेल्या मोसमात २४ मध्ये विसावे. बर्फवाल्याला सातवा नंबर हवाय, मला बाविसावा पुरे.

गुहागर (वरच्यांच्या घरातून). ९ ऑगस्ट

त्यांचा मेसेज आधी घरी येतो हे खोटं आहे. मी वेळा जुळवून बघितल्या आहेत.

चिपळूण. १० ऑगस्ट

मी कॉलेजात आहे. माझा संघ रेक्सहॅम. हो, दोन नटांनी २०२१ ला विकत घेतलेला तोच, आणि हो, मी मालिका बघूनच आले. हसा. सलग तीन वर्षं तीन बढत्या, २०२३, २४, २५, असं इंग्लंडच्या वरच्या पाच पायऱ्यांत आधी कोणी केलं नव्हतं. काल दुसऱ्या पायरीवरचा पहिला सामना, साउदॅम्प्टनकडे. विंडासने पेनल्टीवर गोल केला, नव्वदाव्या मिनिटापर्यंत आम्ही पुढे. मग दोन गोल खाल्ले, हरलो १-२. आईने विचारलं रिझल्ट लागला का? म्हटलं हो, लागला.

मिरकरवाडा. १० ऑगस्ट

रेक्सहॅम आता ह्या धाग्यात बसतो का, विचार करावा लागेल. पण नव्वदाव्या मिनिटानंतर हरलेल्याला बाहेर काढत नाही. बस.

अलिबाग. १२ ऑगस्ट

महिंद्र युनायटेड २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकले, २०१० ला कंपनीने संघच बंद केला. मग मुंबईत कूपरेज मैदानावर केंकरे नावाचा संघ बघायला लागलो, ते २०२३ ला आय-लीगमधून खाली. आता नवा मोसम आला की गुणतक्ता बघत नाही. संघ जागेवर आहे ना, एवढं आधी बघतो.

श्रीवर्धन. २४ ऑगस्ट

अलिबागकरांचं वाचून लिहायला बसले, नाही तर मी नुसती वाचणारी.

मी लँकेस्टरला एका इस्पितळात नर्स आहे, सध्या गणपतीला घरी आलेय. तिथून जवळच मोरकम आहे. उपसागर असा की ओहोटीला पाणी मैलोन् मैल आत जातं, आणि भरती येते तेव्हा चालत्या माणसाला गाठते. तिथली बारीक कोलंबी प्रसिद्ध, आणि फुटबॉल संघाचं टोपणनावही तेच, श्रिम्प्स. वॉर्डातल्या एका आजोबांनी मला पहिल्या आठवड्यात विचारलं, तुझ्या गावाला काय मिळतं? म्हटलं कोलंबी. ते म्हणाले, मग तू आमचीच. त्यांच्या टेबलावर २००७ च्या वेम्ब्लीच्या सामन्याचं तिकीट चिकटपट्टीने डकवलेलं होतं. त्या दिवशी एक्सेटरला २-१ हरवून मोरकम पहिल्यांदा लीगमध्ये आलं होतं.

गेल्या मोसमात लीग टूच्या तळाला राहिले, लीगबाहेर गेले. त्याचं एवढं नाही वाटलं. पण जून-जुलैत पगार थकले, मालक क्लब विकतो म्हणायचा आणि विकायचा नाही, शेवटी नॅशनल लीगने, म्हणजे तिथल्या पाचव्या पायरीने, संघाला निलंबित केलं. बाकीच्यांचा मोसम सुरू झाला आणि आमचे सामने पुढे ढकललेले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये बरी नावाच्या जुन्या क्लबला असंच करत करत लीगमधून काढून टाकलं होतं, तेच सगळ्यांच्या तोंडात. मी ड्युटीवरून घरी चालत जायचे ती वाट मैदानावरून जात नाही, तरी त्या दिवसांत वळसा घालून जायचे. फाटकाला लोकांनी स्कार्फ बांधले होते. पावसाने भिजून त्यांचे रंग खाली फरशीवर उतरले होते.

१७ ऑगस्टला विक्री झाली. घेणारे पंजाब वॉरियर्स नावाचा शीख गुंतवणूकदारांचा गट, आणि व्यवस्थापक आणला अश्वीर सिंग जोहल, वय ३०. इंग्लंडच्या व्यावसायिक फुटबॉलमधला पहिला शीख व्यवस्थापक. संघात खेळाडू किती उरले होते तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चार-पाच दिवसांत माणसं गोळा केली.

काल पहिला सामना, आल्ट्रिंगमशी. आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात. मी ओटीवर मोदकांसाठी नारळ खवत होते, फोन ताटाला टेकवून ठेवलेला. २-१ जिंकलो. मी ओरडले, काकू धावत आल्या, बोट कापलं का म्हणून. खवणीला हात लागला होता खरा, पण मला ते नंतर दिसलं.

आजोबा आता नाहीत. तिकीट त्यांच्या मुलीने नेलं असेल.

सावंतवाडी. २४ ऑगस्ट

ह्या वाचलंय नि गप बसलंय. काकूंका सांगा, पुढच्या वेळेक खवणी दुसऱ्याक देवा.

मिरकरवाडा. २८ ऑगस्ट, दुपारी

झोपलो नाहीये, चुका पोटात घाला.

काल चतुर्थी. घरचा गणपती, तीसेक माणसं, संध्याकाळची आरती, मग वाडीचं भजन साडेअकरापर्यंत. आणि त्याच रात्री साडेबाराला लीग कपच्या (वरच्या चार पायऱ्यांच्या संघांची बाद स्पर्धा) दुसऱ्या फेरीत ग्रिम्सबी विरुद्ध मँचेस्टर युनायटेड, आमच्या घरी, ब्लंडेल पार्कवर. (जे ग्रिम्सबीत नाहीच, शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे. मळगावकरांनी समजून घ्यावं.)

आमच्याकडे पहिल्या रात्री समई विझू द्यायची नाही, कोणी तरी जागतं. दरवर्षी आत्या जागते. काल मी म्हणालो, आत्ये, तू झोप, तेल मी घालतो. तिने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

माटवीखाली सतरंजी, फोन पाटाला टेकवलेला, आवाज बंद. चित्र दर दोन मिनिटांनी अडकायचं. २२ व्या मिनिटाला व्हर्नमचा गोल. ३० व्या मिनिटाला वॉरनचा. २-० पुढे! मी समईत इतकं तेल घातलं की ताटात सांडलं. मग त्यांचा एम्ब्युमो ७५ ला, मॅग्वायर ८९ ला. २-२. चिपळूणकरीण आठवली.

जादा वेळ नाही, थेट पेनल्ट्या. आमचा ओडुअर चुकला, त्यांचा गोलरक्षक ओनानाने अडवली. त्यांच्या कुन्याला फक्त गोल करायचा होता, सामना संपला असता. आमचा गोलरक्षक पिमने अडवली. मग थांबेनाच. सात, आठ, नऊ, गोलरक्षकांनी मारल्या, मग परत पहिल्यापासून. एकूण २६. शेवटी एम्ब्युमोची आडव्या दांड्याला लागली. १२-११.

तीन वाजायला आले होते. मी तोंडात टॉवेल कोंबला होता तरी काहीतरी आवाज निघालाच, कारण आत्या उठून आली. मला बघितलं, समई बघितली, जळतेय म्हटल्यावर विचारलं, "कोण जिंकलं?" म्हटलं, मासेवाले. ती म्हणाली, "बरं झालं," आणि झोपायला गेली.

आज फॅक्टरीत सगळ्यांना एकेक मोदक. कोणाला क्लबचं नाव माहीत नाही, मँचेस्टर हरलं एवढं कळलं. एक मँचेस्टरवाला आहे, त्याला दोन दिले.

गुहागर. २९ ऑगस्ट

अभिनंदन. लीगमध्ये आमच्याशी गाठ आहेच, तेव्हा बघू.

मिरकरवाडा. ५ सप्टेंबर

ताजी बातमी. ओडुअरची नोंदणी त्या सामन्यासाठी मुदतीनंतर एक मिनिटाने पोचली होती. दुपारी १२ ची मुदत, अर्ज गेला १२ वाजून १ मिनिटाला. क्लबने स्वतःच कळवलं. २०,००० पौंड दंड, त्यातला अर्धा स्थगित, निकाल कायम. आणि सगळ्या संघात पेनल्टी चुकलेला तोच एकटा. आमच्याकडे डिझेलचा कोटा असाच एका मिनिटाने हुकला की पुढचा महिना उधारीवर जातो, म्हणून मला ह्यात हसू येत नाही.

पुढची फेरी १६ सप्टेंबरला शेफील्ड वेन्सडेकडे, परत मध्यरात्री. तोवर गणपती गेलेले असणार. समई नाही, आत्याला काय सांगायचं ते सुचवा.