मदत हवी आहे : जुन्या प्रिंटरसाठी वाय-फायची सुरक्षा उतरवावी का?

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातल्या एका गावात माझे ऑनलाइन कामांचे छोटे दुकान असून सातबारा काढणे, पीक विम्याचे अर्ज भरणे, आधार कार्ड स्कॅन करून जोडणे ही सारी कामे वाय-फायवरच चालतात. जोडणी करून देणाऱ्या मुलाने माझा मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवला होता आणि तोच क्रमांक दुकानाच्या पाटीवर टपोऱ्या अक्षरांत रंगवलेला आहे, हे ध्यानात यायला मला दोन वर्षे लागली. विम्याच्या शेवटच्या दिवशी पान उघडेना म्हणून राउटरमधली यादी पाहिली, तर माझी चार यंत्रे आणि अनोळखी मोबाइल अकरा! समोरच्या पारावर पोरांनी फुकटात क्रिकेट पाहिले याचे फारसे वाईट वाटत नाही. पण स्कॅन केलेल्या कागदांचा फोल्डर मी सोयीसाठी पासवर्डाविना शेअर करून ठेवला होता आणि त्यात निम्म्या गावाची आधार कार्डे आहेत.

पासवर्ड आता बदलला आहे. मात्र राउटरवर केवळ डब्ल्यूपीए२-एईएस (वाय-फायवरची माहिती गुप्त ठेवण्याची भक्कम पद्धत) ठेवले की जुना प्रिंटर जोडला जात नाही. त्याला टीकेआयपी ही जुनी पद्धतच कळते. दोन्ही चालू देणारी मिश्र पद्धत ठेवल्यास लॅपटॉपचीही सुरक्षा कमी होते का?

प्रतिसाद

भाऊ, आधी तो फोल्डर बंद करा. मिश्र पद्धतीत लॅपटॉपची स्वतःची देवाणघेवाण एईएसनेच होते, परंतु सर्व यंत्रांना एकदम जाणाऱ्या संदेशांची सामाईक किल्ली टीकेआयपीची राहते. आणि टीकेआयपी ही, डब्ल्यूईपी नावाची वाय-फायची आधीची सुरक्षा पद्धत मोडीत निघाल्यावर, जुन्या यंत्रांसाठी २००३ मध्ये केलेली तात्पुरती सोय होती. एका प्रिंटरपायी तेवढे उतरू नये. त्याच्या मागे यूएसबीचे चौकोनी तोंड असेल तर सरळ केबल लावा. डब्ल्यूपीएसही (पासवर्डाऐवजी पिन देऊन यंत्र जोडण्याची सोय) बंद करा, कारण त्याचा आठ अंकी पिन राउटर दोन तुकड्यांत तपासतो आणि शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असल्यामुळे फार तर ११,००० प्रयत्नांत तो सापडू शकतो, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. पोरांना द्यायचेच असेल तर गेस्ट नेटवर्क वेगळे काढून द्या.

धागाकर्ता

आभारी आहे. फोल्डर बंद केला, केबल लावली, प्रिंटर चालला. डब्ल्यूपीएसचा पिन स्टिकरवर छापलेला आहे, पण तो बंद करण्याचा पर्याय मेनूत कोठेच दिसत नाही. जोडणी देणाऱ्यांनी तो लपवलेला असू शकतो का?