चार लोकांसाठी कायदा? समलिंगी लग्नांचे आकडे आणि आपली समानता

अमळनेरची लेक (जळगाव)

गेल्या आठवड्यात एरंडोलला मावसबहिणीच्या मुलाच्या हळदीला गेले होते. जेवणं उरकल्यावर सगळे ओट्यावर बसले होते. कुणीतरी मोबाइलवर थायलंडमधल्या समलिंगी लग्नांचा व्हिडिओ दाखवला, तेव्हा आमचे एक मामा म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात असे आहेत तरी किती? चार लोकांसाठी कायदा बदलायचा का?" मी गप्प बसले. ते गप्प बसणं तेव्हापासून मनाला लागून राहिलंय, म्हणून लिहितेय.

मी एका पतसंस्थेत सोळा वर्षं काउंटरवर आहे. आमच्या अर्जात नॉमिनीच्या नावापुढे 'नाते' असा एक रकाना असतो. दोन बायका माझ्याकडे खातं उघडायला आल्या होत्या. एक शिक्षिका, दुसरी शिवणकाम करते. अकरा वर्षं एका घरात राहतात. शिक्षिकाबाईंनी बाकी सगळा अर्ज सरसर भरला आणि 'नाते'पाशी त्या थांबल्या. शाईचं पेन कागदाला टेकलेलं, खाली ठिपका मोठा होत चाललेला. शेवटी त्यांनी 'मावसबहीण' लिहिलं. दुसऱ्या बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. नंतर आमची ओळख वाढली, मग खरं काय ते कळलं. (दोघींना विचारून लिहितेय.)

म्हणजे मामांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याच कपाटात आहे, पण मावसबहीण म्हणून. आमच्या संगणकात या दोघी जोडपं म्हणून कुठेच मोजल्या जाणार नाहीत.

थायलंडचा कायदा 23 जानेवारी 2025 ला लागू झाला आणि पहिल्याच दिवशी 1,800 हून जास्त जोडप्यांनी नोंदणी केली. 22 तारखेला तिथला सरकारी आकडा शून्य होता. ही माणसं एका रात्रीत आली का? अमेरिकेत 2010 च्या जनगणनेत समलिंगी जोडप्यांची घरं सुमारे साडेसहा लाख होती. 2021 च्या पाहणीत ती सुमारे 12 लाख झाली, त्यातली सुमारे 7 लाख विवाहित. मधे 2015 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे लग्न सगळ्या देशभर मान्य केलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: आधी दार बंद ठेवायचं आणि मग आत कुणीच आलं नाही म्हणून दाराची गरज नाही असं म्हणायचं, हा कुठला हिशोब?

केळीवाला (सावदा)

ताई, तुमच्या त्या दोघींबद्दल मला काही वाईट म्हणायचं नाही. पण तुम्ही आकड्यांवर आलात म्हणून मीही आकडाच देतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे 842 मुली होत्या. ती पोरं आता कुठे लग्नाच्या वयाला येतायत, पण टंचाई आधीपासूनच आहे. आमच्या गल्लीत पस्तिशी ओलांडलेले सात जण आहेत. बागायत आहे, ठिबक आहे, पक्कं घर आहे, आणि मुलगी मिळत नाही. वधू-वर मेळाव्याला आई-बाप फाइल घेऊन फिरतात ते बघवत नाही. खान्देशात लग्नाचा प्रश्न म्हणजे हा प्रश्न आहे.

दुसरं, लग्न म्हणजे दोघांची सोय नाही. त्यात दोन घरं, कुळ, शेत पुढे कोण कसणार हे सगळं येतं. इंग्लंड-वेल्समध्ये 2014 ला असा कायदा लागू झाला आणि 2019 मध्ये तिथे समलिंगी जोडप्यांचे 822 घटस्फोट झाले, त्यातले 72 टक्के दोन बायकांचे. एवढी चळवळ करून मिळवलेलं टिकत नसेल, तर आपण आपली व्यवस्था का हलवायची?

आकडेमोड (चाळीसगाव)

मी संख्याशास्त्र शिकवतो, त्यामुळे दोघांनाही थोडं टोकणार आहे.

भाऊ, नव्या कायद्यानंतर पहिली काही वर्षं घटस्फोटाचा आकडा चढताच दिसणार, कारण आधी तिथे लग्नंच नव्हती. दहा रोपं लावली त्या वर्षी घड नसतात, पुढे येतात, तसंच हे. तुलना करायची तर त्याच वर्षी लग्न झालेल्या स्त्री-पुरुष जोडप्यांशी करा. आणि घटस्फोट होतात म्हणून आपण कुणाचंही लग्न आधी थांबवत नाही.

ताई, आता तुम्ही. अमेरिकेतल्या वाढीत एक भाग मोजणीच्या पद्धतीचाही आहे. तिथल्या अर्जात पूर्वी नुसतं 'पती/पत्नी' होतं, नंतर 'समलिंगी जोडीदार' असा स्पष्ट पर्याय आला. सगळी वाढ माणसांची नव्हे, काही रकान्याची आहे. तुमच्या नॉमिनीच्या अर्जासारखीच गोष्ट.

पण मला खरी भीती वेगळीच आहे. 2023 मध्ये प्यू संस्थेच्या पाहणीत भारतातल्या 53 टक्के लोकांनी समलिंगी लग्नाला पाठिंबा दिला, 43 टक्क्यांनी विरोध केला. हा आकडा घेऊन नाचणारे उद्या तो 43 वर आला तर काय करणार? अमेरिकेत गॅलपच्या पाहणीत 1996 ला 27 टक्के पाठिंबा होता, 2023 ला 71, पुढच्या दोन वर्षांत थोडा उतरला. हक्क अशा वरखाली होणाऱ्या आकड्यावर टांगून ठेवायचा असतो का? आणि कायदा झाला म्हणजे समानता आली असंही नाही. दक्षिण आफ्रिकेत 2006 पासून हे लग्न कायदेशीर आहे, पण तिथे लेस्बियन स्त्रियांवरचे हल्ले थांबलेले नाहीत. लग्नांची संख्या हे समानतेचं माप धरलं तर माप चुकेल.

धुळ्याचा वकील (धुळे)

कायद्याची बाजू आधी नीट मांडतो, कारण अर्धवट माहितीवर भांडण वाढतं.

6 सप्टेंबर 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 377 कलमातून सज्ञान व्यक्तींचे परस्परसंमतीचे संबंध वगळले. म्हणजे हे आता गुन्हा नाही. 17 ऑक्टोबर 2023 ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही. यावर पाचही जण एकमत होते. लग्नाऐवजी निदान जोडप्याच्या नात्याला मान्यता द्यावी का, यावर 3 विरुद्ध 2 असा नकार आला. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या. हे काम संसदेचं, असं न्यायालय म्हणालं आणि माझंही तेच मत आहे. असा मोठा बदल लोकांमधून यावा, वरून आदेश येऊ नये.

दरम्यान सरकारने 2024 मध्ये स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला बंदी नाही. रेशन कार्डावर एक कुटुंब धरण्याच्या सूचनाही गेल्या. त्यात मृत्युपत्र आणि मुखत्यारपत्राची भर घातली की बहुतेक अडचणी सुटतात. मग 'लग्न' हाच शब्द का हवा?

भुसावळ लाईन (भुसावळ)

वकीलसाहेब, मुखत्यारपत्र माणूस गेला त्या क्षणी संपतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. नॉमिनी म्हणजे पैसे ताब्यात घेणारा, मालक नव्हे. वारस मागायला आले की द्यावे लागतात. पीएफच्या योजनेत तर सभासदाला कुटुंब असेल तर कुटुंबाबाहेरच्या माणसाचं नामनिर्देशन चालतच नाही, आणि अवलंबून असलेली आई कुटुंबात येते. मी सरकारी नोकरीत आहे. माझ्यामागे कुटुंब निवृत्तिवेतन माझ्या जोडीदाराला मिळणार नाही. त्याला कुठलाही स्टॅम्प पेपर पुरत नाही.

होय, मी त्या 'चार लोकां'पैकी एक आहे. वय 41. इथे पहिल्यांदाच लिहितोय.

केळीवाले भाऊ, तुमच्या गल्लीतल्या सात जणांचं दुःख मला खोटं वाटत नाही. पण ते 842 आमच्यामुळे झाले का? ज्या मुली कमी पडल्या त्या पोटातच गेल्या, सोनोग्राफीच्या खोल्यांतून गेल्या. आणि माझंही स्थळ जमलं होतं, बरं का. चोपड्याकडची मुलगी होती, शिकलेली. सुपारी फुटायच्या चार दिवस आधी मी आईला सांगितलं. तो दिवस लिहायला मला अजून जमत नाही. मी ते लग्न केलं असतं तर आकड्यात एक लग्न वाढलं असतं, आणि एका मुलीचं आयुष्य मातीमोल झालं असतं. अशी लग्नं आपल्याकडे किती झालीत, ते कुठल्या जनगणनेत आहे?

माझ्या आईचं माहेर धुळ्याकडचं. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. मग भाऊबंदांपैकी कुणीतरी दारात येऊन नको ते बोलून गेलं, तेव्हा ती चुलीपुढून उठली आणि त्याला म्हणाली, "पोऱ्या मना शे, लोकेसना नही."

केळीवाला (सावदा)

भाऊ, सुपारीचं वाचून थांबलो. त्या मुलीला तुम्ही वाचवलंत, हे मान्य केलंच पाहिजे. मुलगी न मिळण्याचा दोष तुमच्यावर टाकायचा माझा हेतू नव्हता, तसं वाटलं असेल तर तो शब्द मागे घेतो.

पण माझं मत बदललेलं नाही. तुम्ही दोघं राहा, पेन्शन द्या, दवाखान्यात सही करू द्या, मी आडवा येणार नाही. लग्न मात्र देवाब्राह्मणासमोर, पंचांसमोर ज्याला आपण म्हणत आलो, तेच राहू द्या.

सातपुड्याच्या पायथ्याशी (धडगाव)

"म्हणत आलो" म्हणजे कोण म्हणत आलो? आमच्या नंदुरबार जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेनुसार 69 टक्के लोक आदिवासी आहेत. आमच्याकडे मुलाकडचे मुलीकडच्यांना देज देतात, तुमच्याकडे हुंड्याची गाडी उलटी जाते. ब्राह्मण लागत नाही. काही जोडपी आधी एकत्र राहतात, पोरं होतात, आणि पैसे जमले की लग्नाचं जेवण घालतात. खुद्द 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातच कलम 2(2) आहे: केंद्र सरकारने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू नाही. एका देशात, एका तापीच्या दोन अंगांना लग्नाच्या इतक्या रीती नांदतात आणि कुणाचं कूळ बुडालं नाही.

आमच्या समाजात समलिंगी नात्याला सहज जागा आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. आमच्याकडेही पोरं घर सोडून सुरतेला निघून जातात. तिथे ती मजुरांच्या आकड्यात जातात.

अमळनेरची लेक (जळगाव)

आकडेमोड सर, तुमचं पटलं. 53 टक्क्यांच्या जोरावर मी हक्क मागणार नाही, कारण मग 43 वाल्यांनाही तो नाकारायचा अधिकार द्यावा लागेल.

पण संख्येच्या जोरावर हक्क नाकारलाच गेलाय, हे विसरू नका. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 377 कलम कायम ठेवलं, तेव्हा एक कारण असं दिलं होतं की हे लोक लोकसंख्येचा अगदी क्षुल्लक भाग आहेत, आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी खटले झालेत. मामांचा प्रश्न आणि तो निकाल यांत फरक काय? 2017 मध्ये खासगीपणाच्या खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठापुढे हा मुद्दा आला, तेव्हा थोडे आहेत म्हणून हक्क डावलता येत नाही, हे स्पष्ट झालं.

विधवाविवाहाचा कायदा 1856 चा. महर्षी कर्व्यांनी गोदूबाईंशी लग्न केलं 1893 ला, म्हणजे 37 वर्षांनी, आणि तरीही त्यांच्यावर बहिष्कार पडला. त्या 37 वर्षांत झालेले विधवाविवाह मोजून कुणी म्हटलं असतं की 'मागणीच नाही, कायदा रद्द करा', तर? मी अमळनेरची. ज्या शाळेत साने गुरुजी शिकवायचे तिच्यावरून माझं लहानपण गेलंय. 1947 च्या मे महिन्यात त्यांनी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी दहा दिवस उपोषण केलं. आत जाऊ इच्छिणाऱ्यांची यादी त्यांच्याकडे कुणी मागितली होती का?

केळीवाले भाऊ, तुम्ही पेन्शन आणि सही मान्य केलीत, हे मी मनापासून लक्षात ठेवते. पण दवाखान्यातल्या सहीचंच सांगते. त्या दोघींपैकी शिवणकाम करणाऱ्या बाईंचं गर्भाशयाचं ऑपरेशन होतं. फॉर्मवर सहीला 'जवळचे नातेवाईक' हवे होते. मावसबहीण चालणार नाही म्हणाले. आठ वर्षं न बोललेल्या भावाला नाशिकहून बोलावून घेतलं. तो आला, सही केली, चहा पण न घेता निघून गेला. शिक्षिकाबाई बाहेर बाकड्यावर डबा मांडीवर धरून बसल्या होत्या.

आकडेमोड (चाळीसगाव)

एक आकडा मीच देतो, कारण तो लग्न न केलेल्यांबद्दल आहे. अमेरिकेत 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, ज्या राज्यांनी समलिंगी विवाहाला मान्यता दिली तिथे शाळकरी मुलांमधले आत्महत्येचे प्रयत्न सुमारे 7 टक्क्यांनी कमी झालेले आढळले. ही मुलं लग्नाच्या वयाचीही नव्हती. अशा अभ्यासातून कारण पक्कं सिद्ध होत नाही, पण मी वर्गात उभा राहतो तेव्हा हा आकडा डोक्यातून जात नाही.

धुळ्याचा वकील (धुळे)

संसदेबद्दलचं माझं मत तेच आहे. पण ताई, त्या दोघींना तोवर थांबायला सांगू नका. भुसावळवाल्यांचं बरोबर आहे, मुखत्यारपत्र मरणानंतर कामाचं नाही, म्हणून मृत्युपत्र आधी करा. घर कुणाच्या नावावर आहे, सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, ते काढून आणा. नोंदणी सक्तीची नाही, पण करून घ्या, नंतर भाऊ उभा राहिला तर उपयोगी पडते. दोन साक्षीदार लागतील. ज्यांना मिळकत मिळणार ते नकोत. फी घेणार नाही.

अमळनेरची लेक (जळगाव)

साहेब, आजच त्यांच्याशी बोलले. पुढच्या मंगळवारी दोघींना धुळ्याला घेऊन येते. साक्षीदार म्हणून एक मी आहे. दुसरा शोधतेय, कारण अकरा वर्षांत त्यांनी माझ्याशिवाय कुणालाच सांगितलेलं नाही.