'दाय किंग्डम कम': इथे 'कमेथ' का नाही?

प्रश्न: येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत, जुन्या इंग्रजीत, 'दाय किंग्डम कम' ('दाय' म्हणजे तुझे) असे आहे. त्याच जुन्या इंग्रजी बायबलात इतरत्र 'कमेथ' (येतो, येते) भेटते. मग इथेच का नाही? आणि 'आर्ट' (आजचे 'आर'), 'हॅथ' (आजचे 'हॅज') ही आदरार्थी रूपे समजायची का?

उत्तर: आदरार्थी नव्हेत. 'दाऊ' म्हणजे आपला 'तू', एकवचनी आणि जवळिकीचा. विठोबाला 'तू' म्हणणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. 'दाऊ'च्या क्रियापदाला 'एस्ट' लागतो. 'आर्ट' आणि 'हॅस्ट' (आजचे 'हॅव') ही त्याचीच अनियमित रूपे. 'एथ' मात्र तृतीयपुरुषी एकवचनाचा: ही कमेथ, शी हॅथ. म्हणून जुनेपणाच्या हौसेने लिहिलेले 'आय गोएथ' चूकच.

'किंग्डम कम' ही इच्छा आहे. राज्य 'येते' नव्हे, 'येवो'. मराठी बायबलातही 'येवो'च आहे, आणि पसायदानातले 'दुरितांचे तिमिर जावो' हेही त्याच घडणीचे. इच्छा सांगताना इंग्रजी क्रियापद प्रत्यय गाळते. 'गॉड सेव्ह द किंग'मध्ये 'सेव्ह्ज' नाही, ते यामुळेच.

या प्रत्ययांची ताकद पाहायची तर १६११च्या किंग जेम्स बायबलातले तेविसावे स्तोत्र मोठ्याने वाचा. आरंभी परमेश्वर 'तो' आहे: ही मेकेथ, ही लीडेथ, ही रिस्टोरेथ. मग मृत्युछायेची दरी येते आणि कवी एकदम म्हणतो, 'फॉर दाऊ आर्ट विथ मी'. तिथून 'दाऊ प्रिपेअरेस्ट', 'दाऊ अनॉइंटेस्ट'. देवाविषयी चाललेले बोलणे देवाशीच सुरू होते, तेही नेमके भीतीच्या जागी! नव्या भाषांतरांत 'यू' येतो, अर्थही पोचतो. पण 'एथ' सुटून 'एस्ट' लागल्याचा ठोका कानाला जाणवत नाही. मला तरी ते मोठे नुकसान वाटते.

पुरवणी प्रश्न: १६११ साली लोक खरेच असे बोलत?

उत्तर: बोलण्यात तोवर इंग्लंडच्या उत्तरेकडून आलेला 'एस' ('कमेथ'ऐवजी 'कम्स') चांगलाच रुळला होता. किंग जेम्स बायबलाच्या भाषांतरकारांनी विल्यम टिंडेलच्या १५२६च्या नव्या कराराच्या इंग्रजी भाषांतराचे वळण पुष्कळ राखले, म्हणून 'एथ' टिकला. शेक्सपिअर दोन्ही वापरतो. 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये पोर्शिया दयेविषयी बोलते, तेव्हा एकाच ओळीत 'ब्लेसेथ' आहे आणि 'गिव्ह्ज', 'टेक्स'ही. त्याच्या थोडे आधी 'ड्रॉपेथ' येते. तिथे 'ड्रॉप्स' घातले तर ओळ एका अक्षराने तोकडी पडते. कवींना ही सोय हवीच होती. 'हॅथ' आणि 'डथ' (आजचे 'डझ') मात्र गद्यातही इतर रूपांपेक्षा बराच काळ तगून राहिले.